वेंडेलचं ‘चालेल’

सकाळपासून स्टॅनफिल खानदानातल्या यच्चयावत माणसांनी नोरीनच्या गाडीतला संडास वापरून घेतला होता. त्यातल्या एकालाही वेंडेलशेजारी दोन मिनिटं टेकावंसं वाटलं नव्हतं.

पार्कात संडास नव्हता असं नाही. होता की. रेडवुडच्या दोन अवाढव्य बुंध्यांमागे सिमेंटचं एक खोपटं होतं. पण खाली नुसता खड्डा, त्यात ऑगस्ट महिना, दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे आत बिछाना, चूल, फ्रीज आणि मुख्य म्हणजे पाण्याचा संडास असलेली नोरीनची लांबलचक आरव्ही आवारात शिरली, तेव्हा सगळ्यांना तिचा एकदम पुळका आला. “नोरीन, जरा आत जाऊन येऊ का गं?” असं म्हणत जो तो पायरीवर पाय ठेवायचा. हो-नाही ऐकायला कोण थांबतंय!

संडासाच्या दारासमोरच जेवणाचं इवलंसं टेबल होतं आणि तिथे खिडकीशी तिचा नवरा वेंडेल बसलेला होता. आत जाणारा विचारायचा, “काय वेंडेल, मजेत ना?”

वेंडेल म्हणायचा, “चालेल.”

मग दार लागायचं, पाणी सुटायचं, आणि बाहेर येणारा माणूस पँट सारखी करत वेंडेलच्या खांद्यावर थाप मारून निघून जायचा. हात धुतलेत की नाहीत कोण जाणे. नोरीन बेसिनपाशी उभी राहून हे सगळं बघत होती आणि ओठ घट्ट मिटून घेत होती.

फेब्रुवारीत वेंडेलला झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. चाळीस वर्षं जंगलातले ओंडके वाहणारा ट्रक हाकलेला हा गडी. बोलायला लागला की समोरच्याला जांभई येईपर्यंत थांबायचा नाही. त्या सगळ्या बोलण्यातून एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, ‘चालेल’. भूक लागली तरी चालेल, पाय दुखला तरी चालेल, समोरच्यानं घोडचूक केली तरी चालेल. ज्याला दोन पावलं धड चालवत नाहीत त्याच्या तोंडात देवानं नेमका हाच शब्द ठेवावा, याबद्दल नोरीनचा देवावरही राग होता.

तिनं स्वतः त्यातून वाट काढली होती. ती त्याला ‘चालेल का’ असं कधी विचारायचीच नाही. दोन शर्ट समोर धरायची आणि नजर कुठे जाते ते बघायची. शिवाय चालेल-चालेलमध्ये फरक असतो, हेही तिला कळायला लागलं होतं. शेवट वर चढला तर हो. सपाट, भिंतीसारखा आला तर नाही, मुळीच नाही. ईस्टरच्या जेवणाला तिनं हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि हॅमचा पुढचा काप ताटात घेतला होता.

इथे यायची गोष्ट मार्चमधली. फ्रीजवर चुंबकानं लावलेला सहलीचा जुना फोटो होता, अल्डर बार नावाच्या या पार्कातला. दर उन्हाळ्यात स्टॅनफिल मंडळी या नदीकाठच्या जंगलात एक दिवस घालवतात, तसाच कुठल्यातरी वर्षीचा. वेंडेलनं डाव्या हाताचं बोट त्या फोटोतल्या पाण्यावर ठेवलं आणि ते काही उचलेना. याच पाण्यात त्याच्या बापानं त्याला पोहायला शिकवलं, यातच त्यानं पुतण्याला, ट्रॉयला शिकवलं. जेवण टेबलावर घेतलं तरी बोट तिथेच. नोरीन म्हणाली, “नदीवर जायचंय?” त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. “चालेल,” तो म्हणाला, आणि शेवट असा वर गेला की नोरीननं त्याच मिनिटाला त्याच्या भावाला फोन लावला.

“तू फक्त आण गं त्याला,” क्लिफ म्हणाला होता. “खाली पाण्यापर्यंत न्यायचं आमच्याकडे लागलं. मी आहे, ट्रॉय आहे. खुर्चीसकट उचलून नेऊ, राजासारखा!”

या एका वाक्यावर विसंबून ती आली. ती गाडी वेंडेलची. नोरीननं ती दुकानापर्यंतसुद्धा कधी नेली नव्हती. घाटातल्या वळणांवर मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि हिचे हात स्टिअरिंगच्या चाकाला चिकटून पांढरे पडले होते. पण तिनं ती आणली आणि आवाराच्या टोकाला, लांब गाड्यांसाठी आखलेल्या जागेत नीट लावून दाखवली. डॉक्टरांनी मागच्या खेपेला तिला बाजूला घेऊन पुढच्या झटक्याबद्दल जे सांगितलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुढचा उन्हाळा तिनं हिशेबात धरलाच नव्हता.

आवारापासून नदी अगदी खाली दिसायची. पायवाट होती, पण ती झाडांच्या मुळांची आणि ओंडक्यांच्या पायऱ्यांची. चाकांच्या खुर्चीचं तिथे काही काम नव्हतं. दुसरीकडून होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार होता, चांगलाच खडा. एकट्या बाईला खुर्ची आवरायची नाही. दोन धडधाकट पुरुष हवेत, आणि दोन धडधाकट पुरुष तर कबूलच झालेले होते.

“सामान तेवढं लावून घेऊ, मग नेऊच,” क्लिफ सकाळी म्हणाला. “काय वेंडेल, चालेल ना?”

“चालेल,” वेंडेल म्हणाला. सपाट.

सामान लागलं. मग निखारे पेटायची वेळ झाली. मग, जेवून घेऊ, रिकाम्या पोटी कशाला. मोहरी घातलेली बटाट्याची कोशिंबीर आली, भरलेली अंडी आली, धुरावलेला साल्मन मासा आला. नोरीननं ताट भरून गाडीत नेलं आणि वेंडेलला डाव्या हातानं जेवताना बघत बसली. त्याचं लक्ष ताटात नव्हतंच. मान वळवून तो खिडकीतून खाली बघत होता, जिथे अल्डरच्या झाडांच्या फांद्यांमधून पाण्याचा एक तुकडा चमकत होता. सांडलेलं अंडं तिनं त्याच्या शर्टावरून टिपून काढलं.

जेवण झालं. आता घोड्याचे नाल खुंटीवर फेकण्याची मॅच. क्लिफ आणि ट्रॉय एका बाजूला, क्लिफची बायको बेव्ह, तिच्या माहेरचे दुसऱ्या बाजूला. लोखंडी नाल खुंटीवर आपटून खणखण वाजत होते आणि दर खेपेला असा जल्लोष, जसं काही यांनी किल्ला जिंकलाय. नोरीन तिथे जाऊन उभी राहिली.

“एवढी बाजी होऊ दे गं,” क्लिफ म्हणाला.

“ही तिसरी एवढी बाजी आहे, क्लिफ.”

“काकू, तू टेन्शन नको घेऊ,” ट्रॉय म्हणाला. पस्तिशीचा झाला होता, दंड असे की बाह्या उसवायच्या बेताला. “काकाला विचारलंय मी मघाशी. तो म्हणाला, चालेल.”

कधी विचारलंस? लघवीला जाताना की येताना? हे शब्द नोरीनच्या जिभेवर आले होते. पण समोर पोरंबाळं होती, म्हणून तिनं ते गिळले.

ती परत आली तर गाडीच्या पोटातून जनरेटर धडधडत होता. बेव्ह आत कॉफीचं मशीन लावून बसली होती, आणि प्लगच्या फळीवर मोबाइलांची रांग लागली होती. नोरीन तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर गोल्फच्या मैदानावर असते तसली छोटी गाडी येऊन थांबली. तिच्यातून पार्काचा राखणदार उतरला. मर्ल त्याचं नाव. निवृत्त झालेला, फाटकाशी स्वतःच्या आरव्हीत राहणारा, गळ्यात शिट्टी आणि कपाळावर आठ्या.

“बाई, ही दिवसापुरती जागा आहे, मुक्कामाची नाही. जनरेटर चालणार नाही. गाडीबाहेर कापडी छत काढलंय तेही आत घ्या. लोक इथे शांततेसाठी येतात.”

“मी नाही लावला तो.”

“गाडी कुणाची आहे?”

“माझी.”

“मग झालं तर.”

बेव्ह कॉफीचा मग घेऊन पायरी उतरली आणि “अगंबाई, नियम आहे होय असा?” असं लाडीक हसत निघून गेली. बोलणी खायला नोरीन, कॉफी प्यायला बेव्ह. नोरीननं जनरेटर बंद केला, छत गुंडाळलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तरीही ती गप्प राहिली असती. खरंच राहिली असती. पण मग फोटो निघाला.

दर वर्षी सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो, सगळ्यात मोठ्या रेडवुडच्या बुंध्यापाशी. नोरीन वेंडेलचे केस विंचरत होती. त्याला पायरीपर्यंत आणायचं, ट्रॉय खाली उतरवेल, असा तिचा बेत होता. तिनं खिडकीतून बघितलं तर सगळे ओळीत उभे राहून, हसून, पांगायलासुद्धा लागले होते. ती तशीच कंगवा हातात घेऊन बाहेर आली.

“फोटो काढलात?”

“हो ना, ऊन चाललं होतं,” बेव्ह म्हणाली. “वेंडेलला कशाला उगाच त्रास! ट्रॉय नंतर घालेल त्याला फोटोत. हल्ली मोबाइलवर येतं सगळं.”

“घालेल?”

“अगं, म्हणजे मागच्या वर्षीचा छान फोटो आहे ना त्याचा, उभा असलेला. तो चिकटवायचा. कळतसुद्धा नाही.”

 नोरीन सरळ क्लिफकडे गेली. तो खुर्चीत पाय पसरून बसला होता, हातात तिच्याच फ्रीजमधली बिअर.

“ऊठ,” ती म्हणाली. “आत्ता न्यायचं त्याला खाली.”

क्लिफनं आकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. “आता उशीर झाला गं. डोंगराची सावली येईल तासाभरात, पाणी गार पडेल. फाटकही लावतात ते लोक. पुढच्या वर्षी आपण असं करू ना, आल्या आल्या पहिलं तेच. मी मघाशी बोललोय वेंडेलशी. तो म्हणाला चालेल.”

“तो सकाळपासून तेवढंच म्हणतोय!” नोरीनचा आवाज असा चढला की नाल फेकणाऱ्यांचे हात थांबले. “त्याला उद्या विचार, वेंडेल, तुझी बायको विकून टाकू का? चालेल म्हणेल! तुला खड्ड्यात घालू का? चालेल म्हणेल! एकच शब्द राहिलाय रे त्याच्याकडे, क्लिफ, एकच! आणि तो तुम्ही सगळ्यांनी मिळून स्वतःच्या सोयीला वापरताय. माझा संडास वापरलात तसा!”

“नोरीन, पोरं आहेत इथे.”

“असू देत. त्यांनाही कळू दे आपल्या घरचे लोक कसे आहेत ते. सकाळपासून त्याच्या नाकासमोरून मुतायला गेलात सगळे. एक जण बसला का त्याच्याजवळ? एक तरी?”

क्लिफनं बिअरचा डबा खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “मला बघवत नाही गं त्याला असं,” तो हळू आवाजात म्हणाला. “माझा थोरला भाऊ आहे तो. त्यानं मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडलीये. आणि आता तो तिथे... मला नाही बघवत.”

“मग बघू नकोस. उचल.”

क्लिफ खाली मान घालून बसून राहिला. ट्रॉय बापाकडे बघत राहिला.  बेव्ह म्हणाली, “सगळ्यांचा मूड घालवू नकोस गं, वर्षातून एकदा भेटतो आपण.”

नोरीन वळली आणि गाडीत चढली. दार आतून ओढून घेतलं. फळीवरचे मोबाइल तसेच चार्जिंगला होते. तिनं ते एका हातानं ओढून बेसिनमध्ये टाकले. वेंडेलचा पट्टा लावला, त्याच्या पायांतले बूट काढले, मोजे काढले. तो तिच्याकडे बघत होता.

“तुला काही विचारत नाहीये मी,” ती म्हणाली. “गप्प बस आणि धरून बस.”

तिनं गाडी सुरू केली. आवारात गाडी पुढे घेतली, चाक पूर्ण वळवलं आणि मागे घ्यायला लागली. गाडीचं ढुंगण होड्यांच्या उताराकडे. आजवर मागे घ्यायची वेळ आली की वेंडेल चाकावर आणि ही मागे उभी राहून हात हलवायची. त्यावरून दोघांची भांडणंही ठरलेली. आज मागे कुणी नव्हतं. होते ते ओरडणारे. आरशात तिला ट्रॉय धावताना दिसला, दोन्ही हात वर करून. बेव्ह किंचाळत होती. होडीची गाडी मागे जोडून उताराच्या तोंडाशी थांबलेला एक माणूस घाईघाईनं बाजूला झाला.

उतार सुरू झाला तशी कपाटं खडखडली. फ्रीजचं दार उघडून बेव्हनं आणलेला क्रीमचा केक जमिनीवर पालथा झाला. मागचा भाग सिमेंटला घासला, असा आवाज आला की नोरीनच्या दातांतून कळ गेली. ती थांबली नाही. ब्रेकवर पाय ठेवून, इंचाइंचानं, ती खाली उतरत राहिली, मागची चाकं पाण्यात जाईपर्यंत.

शिट्टी वाजत होती. मर्ल उतारावरून धापा टाकत आला आणि तिच्या खिडकीशी उभा राहिला.

“डोकं ठिकाणावर आहे का? ही जागा फक्त होड्या सोडायला आहे!”

“मीपण सोडतेय.”

“काय सोडताय?”

“नवरा सोडतेय!”

 तिनं खिडकीतून मर्लकडे असं बघितलं की तो अर्धं पाऊल मागे सरला. मग त्यानं मान तिरकी करून आत बघितलं. अनवाणी वेंडेल सीटच्या कडेला येऊन, डाव्या हातानं दांडा धरून, उभं राहायची धडपड करत होता.

मर्लच्या आठ्या गेल्या नाहीत. “हँडब्रेक ओढलाय?” त्यानं विचारलं.

“ओढलाय.”

“त्याच्यावर विसंबू नका एवढ्या उतारावर.” तो वाकला, कडेला पडलेले लाकडाचे दोन ठोकळे उचलून आणून त्यानं पुढच्या चाकांखाली लाथेनं ठोकून बसवले. मग वर होडीवाल्याकडे वळून, त्याच रागावलेल्या आवाजात ओरडला, “थांबा जरा! दिसत नाही का, काम चाललंय!”

नोरीननं दार उघडलं आणि पायरी खाली सोडली. शेवटची पायरी पाण्याखाली गेली. गाडीच्या आत वेंडेल कठड्यांना धरून चार पावलं टाकू शकायचा, आणि ती त्यानं टाकली. एकेका पावलाला एवढा वेळ लागला की उतारावर गोळा झालेली सगळी स्टॅनफिल मंडळी बघत राहिली. नोरीन आधीच पाण्यात उतरली होती, बुटांसकट, पोटऱ्यांपर्यंत. तिनं त्याला दोन्ही काखांत धरून पायरीवर बसवलं. त्याचे पाय पाण्यात गेले.

गार पाणी लागताच त्यानं श्वास आत ओढला आणि तोंडाच्या डाव्या बाजूनं हसला. फेब्रुवारीपासून तिनं ते हसू बघितलं नव्हतं. चांगला पाय त्यानं हलवला, पाणी उडवलं, पुन्हा उडवलं. उजवा पाय तसाच पडून होता, आणि प्रवाह त्याला हळूहळू बाजूला नेत होता. वेंडेल वाकला, डाव्या हातानं तो पाय उचलून त्यानं दुसऱ्या पायाशेजारी आणून ठेवला. अल्डरची पिवळी पानं वाहत येऊन त्याच्या घोट्यांना अडत होती. तो एकेक पान बघत होता.

मग त्याला आणखी पुढे जायचं होतं. त्यानं विचारलं नाही, तो नुसता पुढे सरकला, आणि पायरीवरून घसरला. नोरीननं त्याला छातीशी धरलं, पण तो भार तिच्यानं पेलवेना. तिचे बूट शेवाळावर निसटले, दोघं तिरकी झाली.

“क्लिफ!” ती ओरडली.

पाण्यात कुणीतरी धाडकन उडी टाकली. क्लिफ होता, अंगावर सगळे कपडे, पायांत नवे पांढरे बूट. त्यानं मागून भावाच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला वर ओढून धरलं. वेंडेलचं डोकं त्याच्या गळ्याशी टेकलं. पाणी दोघांच्या मांड्यांपर्यंत होतं आणि वेंडेल आता खरोखरच नदीत उभा होता. 

“केवढा जड झालाय गं हा,” क्लिफ म्हणाला.

“जड नाही झालेला,” नोरीन म्हणाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, आणि ती तो उतरू देणारही नव्हती. “तू आज पहिल्यांदा धरलायस त्याला. आता सोडू नकोस.”